पांढऱ्या कडेचे टायर : जुन्या मोटारीचा नवा हिशेब

सोलापूर-वाडी लोहमार्गावर कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले दुधनी हे भुसार व्यापाराचे गाव. तुरीचा हंगाम आला की बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सौदे होतात आणि पेढ्यांवरचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. अशा गावातील जुन्या आडत घराण्यांत कोठे गुदामाच्या कोपऱ्यात, कोठे वाड्याच्या मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट किंवा अँबेसेडर अद्याप उभी असते. आजोबांनी ती हौसेने घेतलेली असते, वडिलांनी तिच्यातून वसुलीचे दौरे केलेले असतात आणि नातवाला ती आता पुन्हा रस्त्यावर आणायची असते. इंजिन दुरुस्त होते, रंग चढतो, आसनांना नवे कापड लागते. मग कोणाच्या तरी मनात येते, चाकांना पांढऱ्या कडेचे टायर बसवले तर गाडी कशी शोभून दिसेल!

हौस निर्दोष आहे. मात्र तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला असतो. जुन्या मोटारीच्या सजावटीतील बाकी सर्व वस्तू केवळ डोळ्यांसाठी असतात. टायरवर मात्र आत बसलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. चैत्र-वैशाखात दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापूर गाठताना तापलेल्या डांबरावर टायर फुटला, तर त्याची कड पांढरी होती की काळी, याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून स्वस्त आणि शोभिवंत यांची सांगड घालताना सुरक्षितता कोठे हातची सुटते, हे आधी पाहिले पाहिजे.

सोलापूरच्या मातीशी असलेले नाते

या विषयाचा आपल्या जिल्ह्याशी आणि समाजाशी जवळचा संबंध आहे. आपल्या भागातील घराघरांत पोहोचलेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, ज्या कारखान्यात तयार झाली त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 मध्ये शेठ वालचंद हिराचंद यांनी केली. 1882 मध्ये सोलापुरात एका जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीत पाऊल टाकले आणि पुढे जहाज, विमान व मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घातला. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ यांसारख्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि 1954 पासून फियाट 1100 भारतीय रस्त्यांवर धावू लागली. 1974 मध्ये याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले.

शेठजींचे निधन 1953 मध्ये झाले. पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. परंतु या गाडीने पुढे सुमारे पाव शतक मध्यमवर्गाची आणि व्यापारी वर्गाची सेवा केली. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. त्यामुळे घरातील जुनी फियाट जपण्यात नुसती हौस नाही. आपल्याच माणसाने उभारलेल्या उद्योगाची ती एक जिवंत खूण आहे.

टायर पांढरा का होता?

आज पांढरी कड हे श्रीमंतीचे लक्षण समजले जाते. आरंभी मात्र पांढरेपणात विशेष काही नव्हते. नैसर्गिक रबर मुळात फिकट रंगाचे असते आणि त्यात जस्ताचे भस्म, म्हणजे झिंक ऑक्साइड, मिसळले की ते अधिकच पांढुरके दिसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी टायर असेच फिकट असत. मिशेलिन कंपनीचा 1898 पासूनचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, त्याचे हेच कारण.

पुढे रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली तर ते कितीतरी अधिक टिकते, झिजेला दाद देत नाही आणि उन्हालाही पुरून उरते, असे आढळले. काही उत्पादकांनी काजळी केवळ रस्त्याला टेकणाऱ्या भागातच घातली आणि बाजू तशाच पांढऱ्या राहू दिल्या. अशा रीतीने पांढऱ्या कडेचा टायर जन्मला तो काटकसरीतून. त्या काळी संपूर्ण काळा टायर हाच उंची समजला जाई. 1930 च्या दशकात अमेरिकेत ही समजूत उलटली आणि पांढरी कड मुद्दाम मागितली जाऊ लागली. 1950 च्या दशकात रुंद पांढऱ्या कडेचा दिमाख शिगेला पोहोचला. 1960 च्या दशकाच्या आरंभी ती कड अरुंद होत इंचभरावर आली आणि नंतर हळूहळू मागे पडली.

या इतिहासातून ग्राहकाने घ्यायचा बोध सरळ आहे. टायरचे बळ काळ्या रबरात, त्याच्या आतील धाग्यांत आणि पोलादी तारांत असते. पांढरी कड ही केवळ वरची शोभा. उलट, पांढऱ्या रबराला काजळीचे संरक्षण नसल्याने सोलापूरच्या उन्हात त्याची अधिक काळजी घ्यावी लागते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर काळा टायर हे मुद्दल आहे आणि पांढरी कड हे व्याज. व्याजाच्या मोहाने मुद्दल धोक्यात घालणारा व्यवहार कोणताही शहाणा व्यापारी करत नाही.

आधी माप, मग रंग

जुन्या फियाट 1100 आणि पद्मिनीच्या टायरचे मूळ माप 5.20-14 असे आहे, अँबेसेडरचे 5.90-15. यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. हे टायर जुन्या पद्धतीचे, म्हणजे तिरप्या धाग्यांचे, असत. त्यांना क्रॉस-प्लाय म्हणतात. आजचे बहुतेक टायर रेडियल पद्धतीचे असून त्यांचे माप 155/80 आर 14 अशा तऱ्हेने लिहिलेले असते.

हे माप वाचणे अवघड नाही. 155 ही रुंदी मिलिमीटरमध्ये; 80 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, अर्थात 124 मिलिमीटर. वर-खाली मिळून 248. त्यात 14 इंची रिमचे सुमारे 356 मिळवले की टायरचा एकूण व्यास सुमारे 604 मिलिमीटर निघतो. आपल्या गाडीच्या जुन्या टायरचा व्यास फितीने मोजून या आकड्याशी ताडून पाहावा. फरक जितका कमी, तितका वेगदर्शक काटा खरे बोलतो आणि वळताना टायर मडगार्डला घासत नाही. रिमची रुंदीही मोजून विक्रेत्याला सांगावी, कारण प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचीच रिम चालते.

मापापुढे भाराचा आकडा असतो. उदाहरणार्थ, 80 हा भारांक एका टायरला 450 किलो भार झेपतो असे सांगतो. गाडीचे वजन, पाच माणसे आणि मागच्या डिकीतील सामान यांची बेरीज करून हा आकडा पडताळावा. व्यापारी घरातील गाडीत सामान नेहमी अंदाजापेक्षा जास्तच भरले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

रेडियल बसवायचे ठरल्यास चारही चाकांना आणि स्टेपनीलाही रेडियलच बसवावेत. पुढे एक जात आणि मागे दुसरी अशी सरमिसळ वळणावर गाडीचा तोल बिघडवते. जुन्या रिम ट्यूबच्या टायरांसाठी बनलेल्या असल्याने ट्यूब आवश्यक आहे आणि तीही रेडियलसाठी योग्य असलेली. रेडियलमुळे गाडी रस्ता अधिक चांगला धरते. मात्र हळू चालवताना किंवा उभी करताना स्टिअरिंग थोडे जड लागते. घरातील ज्येष्ठ मंडळी गाडी चालवणार असतील तर हा मुद्दा आधीच बोलून घ्यावा.

पांढऱ्या कडेचे चार मार्ग

पहिला मार्ग अस्सल पांढऱ्या कडेचा टायर मागवण्याचा. जुन्या मोटारींसाठी असे टायर आजही परदेशात तयार होतात. अमेरिकेतील कोकर टायर ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. या टायरात पांढरे रबर घडणीतच बसवलेले असते आणि काळ्या रबरातील तेलकट द्रव्ये पांढऱ्यात उतरू नयेत म्हणून मध्ये वेगळा थरही असतो. शोभेत याला तोड नाही. परंतु जून 2020 पासून केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित गटात टाकली असून तिच्यासाठी परवाना लागतो. शिवाय भारतीय मानक चिन्हाची अट आहेच. जहाजभाडे, सीमाशुल्क आणि कर धरल्यास एका हौशी कुटुंबासाठी हा मार्ग परवडणारा राहत नाही. कोणी विनापरवाना, विनापावती टायर देऊ करत असेल, तर त्या वाटेला जाऊच नये.

दुसरा मार्ग जुन्या साठ्याचा. कोठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर पांढऱ्या कडेचे न वापरलेले टायर सापडतात आणि ‘कोरा करकरीत माल’ म्हणून विकले जातात. सर्वाधिक मोह याच मार्गात आहे आणि सर्वाधिक धोकाही. रबर न वापरताही म्हातारे होते. उष्णता त्याला आतून कडक करते आणि हवेतील ओझोन त्याला वरून भेगा पाडतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतून त्याची जन्मतारीख कळते : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर तो टायर 2000 सालापूर्वीचा समजावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी बदल, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. हुंडीची मुदत न पाहता ती स्वीकारणारा सराफ जसा फसतो, तसाच हे आकडे न पाहता टायर घेणारा ग्राहक.

तिसरा मार्ग रबरी कड्यांचा. टायर आणि रिम यांच्या फटीत पांढऱ्या रबराचे पातळ कडे बसवले जाते. खर्च अल्प आणि दर्शन तात्काळ. पण गाडी वेगात असताना हे कडे हवेने फडफडते, त्याच्या आत धूळ व खडे शिरतात आणि ते टायरच्या बाजूवर सतत घासत राहते. रेडियल टायरची बाजू पातळ असते आणि धावताना ती अधिक लवते, त्यामुळे हे घर्षण तिला विशेष बाधते. मिरवणुकीत किंवा प्रदर्शनात हळू चालणाऱ्या गाडीला कडे चालेल. सोलापूरच्या रस्त्यावर नाही.

चौथा मार्ग रंगाचा. नवा, योग्य मापाचा काळा टायर घ्यावा आणि त्याच्या बाहेरील बाजूस रबरासाठी बनवलेल्या लवचीक रंगाने पांढरा पट्टा काढावा. घरचा ऑइलपेंट येथे उपयोगाचा नाही. टायर लवला की तो तडकतो आणि त्यातील थिनर रबराला मऊ पाडतो. टायर आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, त्यावरील चकाकीचे द्रव पूर्ण काढून, बारीक पॉलिश कागदाचा अगदी हलका हात फिरवावा आणि रंगाचे पातळ थर द्यावेत. पट्टा पद्मिनीला इंचभर, पन्नाशीच्या दशकातील फियाटला थोडा रुंद, असा काळानुरूप शोभतो. काही महिन्यांनी पट्ट्यावर तपकिरी छटा उमटते आणि रंगाचा हात पुन्हा द्यावा लागतो. हा या मार्गाचा एकमेव त्रास.

यात दोन पथ्ये पाळावीत. टायरवरील माप, भारांक आणि तारीख यांची अक्षरे रंगाखाली झाकू नयेत. तसेच भेगा पडलेल्या जुन्या टायरवर रंग कधीही देऊ नये. रंग भेगा भरत नाही, तो त्या फक्त लपवतो. कोणी कारागीर टायरची बाजू यंत्रावर घासून तेथे पांढरे रबर चिकटवून देतो म्हणाला, तर त्यालाही नम्रपणे नकार द्यावा. तेथील रबर कमी होणे म्हणजे आतील धाग्यांचे कवच जाणे होय.

वहीतला हिशेब

‘परवडणारे’ म्हणजे काय, हे एकरकमी किमतीवरून ठरत नाही. ते वर्षाच्या खर्चावरून ठरते. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत दाखवण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, नव्या काळ्या रेडियल टायरांचा स्टेपनीसह पाच नगांचा संच 25,000 रुपयांना पडला आणि रंगासाठी दरवर्षी 1,000 रुपये लागले. सहा वर्षांचा एकूण खर्च 31,000, म्हणजे वर्षाला सुमारे 5,170 रुपये. समजा, आठ वर्षे माळ्यावर पडलेला पांढऱ्या कडेचा संच अवघ्या 15,000 रुपयांना मिळाला. दहा वर्षांची कमाल मर्यादा धरली तर त्याची दोनच वर्षे शिल्लक. खर्च वर्षाला 7,500 आणि जोखीम वेगळीच. आयात केलेला संच 1,20,000 रुपयांना पडला, तर सहा वर्षांत तो वर्षाला 20,000 रुपये खातो.

जो माल दुकानात सर्वांत स्वस्त दिसला, तो वहीत महाग निघाला. नव्या टायरवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आल्याने नव्या मालाचे पारडे आणखी जड झाले आहे. पावती घ्यावी, ती जपून ठेवावी आणि टायरच्या तारखेचे आकडे त्याच पावतीवर विक्रेत्याकडून लिहून घ्यावेत.

गाडी कशासाठी?

टायर निवडण्यापूर्वी कुटुंबाने एक निर्णय एकत्र बसून घ्यायला हवा : गाडी दाखवण्यासाठी आहे की प्रवासासाठी? कायद्यानेही हा भेद केला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, प्रथम नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याचा प्रवास किंवा व्यवसाय तिच्यातून करता येत नाही.

म्हणजे पद्मिनीतून आजीला कुंथलगिरीच्या दर्शनाला न्यायचे असेल, तर नेहमीची नोंदणी, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हीच वाट आहे. अशा गाडीला नवे रेडियल आणि फार तर रंगाचा पट्टा, याहून वेगळा सल्ला देता येत नाही. गाडी वर्षातून एक-दोनदा रॅलीत मिरवणार असेल, तर चांगल्या टायरवर तेवढ्यापुरती रबरी कडी बसवून नंतर ती काढून ठेवावीत. दोन्ही प्रसंगी नक्षीची खोली कायद्याने सांगितलेल्या 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये.

गुदामातील जपणूक

उभी असलेली गाडीही टायर खाते. महिनोन् महिने एका जागी उभी राहिल्यास टायरचा टेकलेला भाग चपटा होतो. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. ते शक्य नसेल तर पंधरवड्यातून एकदा दोन पावले पुढे-मागे करावी. हवा दर महिन्याला तपासावी. चाकांवर थेट ऊन येऊ देऊ नये. विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन निर्माण होतो, म्हणून गाडी डाळ मिलच्या किंवा पंपाच्या मोटारीजवळ उभी करू नये. धान्याला कीड लागू नये म्हणून गुदामात गोळ्यांची धुरी दिली जाते, तिचा वायू तांब्याला खातो; तेव्हा धुरीपूर्वी गाडी बाहेर काढावी, नाही तर टायर चांगले राहून विजेच्या तारा निकामी व्हायच्या. पांढरी कड सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवावी. रॉकेल आणि पेट्रोल यांचा स्पर्शही रबराला होऊ देऊ नये.

एवढे सांभाळले तर हौस आणि व्यवहार यांचे भांडण उरत नाही. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर आजोबांची फियाट धुऊन-पुसून वाड्याच्या दारात उभी राहावी, तिच्या चाकांवरची पांढरी वर्तुळे सकाळच्या उन्हात लखलखावीत आणि नातवंडांना आत बसवताना घरातल्या कोणाच्याही मनात शंका नसावी. त्यासाठी टायर विकत घेताना दुकानदाराला भाव विचारण्याआधी एक प्रश्न आवर्जून विचारावा : हा टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली तयार झाला?